पाटे बदलले, भट्टी आणली: पिकअपमधून आयसलमीरभोवती एक फेरा

मार्चमधली गोष्ट. मातीच्या गोण्या भरून मी आल्मेरेला परत येत होते आणि समोरून येणारी जवळजवळ प्रत्येक गाडी मला दिवे दाखवत होती. आधी वाटलं पुढे पोलीस असतील. मग वाटलं माझेच दिवे बंद असतील. पंपावर थांबून खाली उतरले तेव्हा खरा प्रकार कळला. माझी पिकअप मागून इतकी बसली होती की पुढचे दिवे थेट समोरच्यांच्या डोळ्यांत जात होते. मागचं चाक आणि वरचा पत्रा यांच्यात जेमतेम दोन बोटं शिरतील एवढी फट उरली होती. स्टीअरिंग हलकं का लागतंय याचाही उलगडा झाला. गाडीचं सगळं ओझं शेपटीवर होतं आणि पुढची चाकं नुसती रस्त्याला टेकून चालली होती.

ज्यांनी हा ब्लॉग आधी वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी वृषाली, कुंभारकाम करते. नवऱ्याच्या, म्हणजे हेमंतच्या, आयटीतल्या नोकरीपायी पुण्याहून इथे, डच मुलखात, आले. पहिली दोन वर्षं भाषा शिकण्यात आणि कंटाळण्यात गेली. मग एका संध्याकाळच्या वर्गात चाकावर हात बसला तो उठलाच नाही. आता आल्मेरेत एका जुन्या शेडमध्ये माझी छोटी कार्यशाळा आहे आणि वाडगे, कप, ताटल्या बाजारांत विकल्या जातात. कमी होती ती भट्टीची. कच्ची भांडी ब्लँकेटांत गुंडाळून मी दुसऱ्यांच्या भट्टीवर न्यायचे, आणि वाटेतल्या प्रत्येक गतिरोधकावर मागून ‘टिक्’ असा आवाज आला की समजायचं, गेलं एक.

एप्रिलमध्ये उत्तरेकडच्या फ्रीसलंड प्रांतातली एक जाहिरात दिसली. आउक्ये नावाच्या बाई निवृत्त होत होत्या. घर विकलेलं होतं आणि मेअखेरीस कार्यशाळा रिकामी करून द्यायची होती. त्यांची मोठी विजेची भट्टी होती, जुनी पण जपलेली, आणि नव्या भट्टीचा विचार करताना मला जे आकडे ऐकून घाम फुटला होता त्यांच्या पाव किमतीत मिळत होती. अट एकच: न्यायची व्यवस्था तुमची.

हेमंत म्हणाला, “ट्रान्सपोर्टवाल्याला सांग ना.” सांगितलं. पहिल्याने भट्टीच्या आतल्या नाजूक विटांची जबाबदारी घ्यायला नकार दिला. दुसऱ्याने दिलेली तारीख मे उलटल्यानंतरची होती. आणि माती तर मला दर महिन्याला आणायचीच असते. तेव्हा मी ठरवलं, गाडीचं मागचं सस्पेन्शन एकदाचं धड करून घ्यायचं आणि भट्टी आपणच आणायची. चौकशी केल्यावर आउक्येंच्या गावापासून जवळच एक गॅरेज निघालं. तिथला शूर्ड शेतकऱ्यांच्या पिकअप आणि ट्रेलर यांचीच कामं करतो. फोनवर गाडीचा नंबर दिला, तर तो म्हणाला, “शुक्रवारी दुपारच्या आत या, संध्याकाळी न्या.” शनिवारी भट्टी चढवायची आणि घरी यायचं, असा बेत ठरला.

हेमंतला त्या शनिवारी ऑफिसचं काम होतं. पण माझ्या सासूबाई उन्हाळ्यासाठी नाशिकहून आलेल्या होत्या. मी त्यांना आईच म्हणते. आयुष्यभर भूमी अभिलेख खात्यात जमिनींचे नकाशे काढलेली ही बाई घरात बसून आधीच वैतागली होती.

“मी येते,” त्या म्हणाल्या. “गाडीत दोन माणसं बसतात ना?”

“आई, ती मालाची गाडी आहे. हादरे बसतात.”

“मी एसटीने सुरगाण्याला मोजणीला जायचे. मला हादरे सांगू नकोस.”

शुक्रवार: बांधावरून बांधावर

निघालो तेव्हा मे महिन्यातलं स्वच्छ ऊन होतं. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, थर्मासमध्ये चहा, आणि आईंच्या मांडीवर कागदी नकाशा. फोनवर रस्ता दिसतो, हे त्यांना मान्यच नाही.

आयसलमीर म्हणजे समुद्राला बांध घालून आत कोंडलेलं भलंमोठं गोडं तळं. आल्मेरेहून फ्रीसलंडला जायचा सरळ रस्ता त्याच्या पूर्वेने जातो. पण जाताना गाडी रिकामी आणि वेळ हातात, म्हणून मी पश्चिमेकडचा वळसा घेतला. लेलिस्टाडहून एन्कहाउझनला जाणारा बांधरस्ता धरला की दोन्ही बाजूंना पाणीच पाणी. तिथून वर डेन ऊव्हर, आणि मग तो प्रसिद्ध आफ्स्लाउटडाइक, समुद्र अडवून धरणारा बत्तीस किलोमीटरचा सरळसोट बांध. यावर टोल नाही, पण वारा भरपूर असतो. उंच गाडी असेल तर निघण्याआधी वाऱ्याचा अंदाज जरूर बघा.

लेलिस्टाड यायच्या आधी आईंनी नकाशावर बोट ठेवलं. “म्हणजे आपण राहतो ते आल्मेरे आधी पाण्याखाली होतं?”

“हो. समुद्राचा तळ होता.”

“तरीच इतक्या सरळ रेषा.” बराच वेळ त्या दोन्ही बाजूंची शेतं बघत राहिल्या. “आधी पट्टीने नकाशा काढायचा आणि मग तशी जमीन करायची. अगं, इथे बांधावरून भांडणंच होत नसतील. मोजणी खात्याने करायचं काय?”

डेन ऊव्हरच्या बंदरात थांबलो. मी तळलेल्या माशाचे तुकडे घेतले, आई शाकाहारी, म्हणून त्यांना बटाट्याचे फ्राईज. सोबतचा मेयोनेझ त्यांनी बाजूला सारला आणि पर्समधून चटणीची पुडी काढली. शेजारच्या बाकावरचे आजोबा टक लावून बघत होते. आईंनी सरळ पुडी पुढे केली. त्यांनी एक फ्राय चटणीत बुडवून खाल्ला, त्यांचे डोळे पाणावले आणि त्यांनी परत बुडवला.

आफ्स्लाउटडाइकवर सुरुवातीलाच एक मनोरा आहे, तिथे गाडी लावून वर चढता येतं. एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला गोडं, आणि मध्ये माणसाने ओढलेली रेघ. आई कठड्याला धरून उभ्या होत्या, ओढणी झेंड्यासारखी फडफडत होती. खाली उतरताना एवढंच म्हणाल्या, “आमच्या साहेबांना दाखवायला हवं होतं.”

शूर्डचं गॅरेज

गॅरेज शेतांच्या मधोमध होतं. एक मोठी शेड, बाहेर ट्रेलरांची रांग. शूर्ड पन्नाशीचा, उंच, हातावर ग्रीस, आणि बोलायच्या आधी नीट बघणारा. माझ्याशी तो डच आणि इंग्रजीचं मिश्रण बोलला. आईंनी नाव ऐकलं आणि तिथल्या तिथे त्याला शूरराव करून टाकलं.

खरं तर मी फक्त हवेच्या पिशव्या बसवून घ्यायला गेले होते. चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, आणि मागच्या चाकांचा धुरा यांच्यामध्ये बसणाऱ्या या जाड रबरी पिशव्या. ओझं असेल तेव्हा त्यांत हवा भरायची, म्हणजे त्या शेपूट उचलून धरतात. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणून मी तोच निवडला होता.

“एअरबॅग पुढे असते ना?” तो इंग्रजी शब्द कानावर पडल्यावर आईंनी विचारलं. “धडक बसल्यावर फुगते ती?” मी भाषांतर केलं, आणि शूर्ड पहिल्यांदा हसला.

त्याने गाडी लिफ्टवर चढवली आणि दिवा घेऊन खाली गेला. मागच्या चाकांवरचं सगळं वजन ज्यांच्यावर असतं ते पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, त्याने हाताने चाचपले. गाडी रिकामी असताना पाट्यांना धनुष्यासारखा बाक हवा. माझे सपाट झाले होते. मग त्याने छोट्या हातोडीने एकेका पट्टीवर टकटक केलं. उजव्या बाजूला आवाज खणखणीत आला. डाव्या बाजूला भद्द.

“इकडे या,” तो म्हणाला.

मुख्य पट्टीवर एक बारीक आडवी रेघ होती. केस चिकटला असावा तशी. त्याने चिंधीने पुसून दिवा जवळ नेला, तेव्हा रेघेच्या आत गंज दिसला.

“ही चीर आजची नाही,” तो म्हणाला. “पिशव्या लावल्या असत्या तर गाडी वर उचलली गेली असती, छान दिसली असती, आणि हे झाकलं गेलं असतं. भट्टी घालून तू हायवेला लागली असतीस आणि वाटेत कुठेतरी ही तुटली असती.”

मी त्या रेघेकडे बघत राहिले. मार्चपासून या गाडीतून मी किती वेळा माती आणली होती. मघाशी त्या बांधावरून आलो तेव्हा शेजारी आई होत्या. आईंना सगळं मराठीत सांगितलं. त्यांनी चिरेकडे बघितलं, मग माझ्याकडे. “बरं झालं आलो,” त्या म्हणाल्या. “घाबरायचं ते आता झालं घाबरून. पुढे काय करायचं ते विचार.”

पुढे करायचं ते असं: दोन्ही बाजूंचे पाटे पूर्ण नवे, एक जादा पट्टी असलेले. त्यांना धुऱ्याला आवळून धरणारे यू-बोल्ट नवे, टोकांची रबरी बुशिंग नवी, आणि या सगळ्याच्या जोडीला हवेच्या पिशव्या. खर्च ठरवल्याच्या दुपटीहून जास्त, मजुरीसकट साधारण तेराशे युरो. तुम्हीही हे करायच्या विचारात असाल तर आकडा डोक्यात असावा म्हणून लिहिते. हेमंतला फोन केला. “कर,” म्हणाला. “यात विचारायचं काय?”

अडचण एकच होती: पाटे गॅरेजमध्ये नव्हते. शूर्डने तीन ठिकाणी फोन फिरवले. तिसऱ्या ठिकाणी ल्यूवार्डनला मिळाले. दुपारी पोचवतो म्हणाले. “म्हणजे आज होईल?” मी विचारलं. “दुपारी आले तर होईल,” तो म्हणाला. सोमवारी सकाळी नवे घरमालक आउक्येंची कार्यशाळा पाडायला येणार होते. माझ्याकडे जास्तीचा दिवस नव्हता.

“इथे बसून ते लवकर येणार नाहीत,” शूर्ड म्हणाला आणि शेडच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या दोन सायकली होत्या.

मी आईंकडे बघितलं. त्या आधीच एका सायकलची घंटी वाजवून बघत होत्या.

“आई, किती वर्षं झाली चालवून?”

“हेमू पोटात होता तेव्हा सोडली.”

पहिले दोन वळसे त्यांनी अंगणातच मारले. ट्रेलरला घासता घासता राहिल्या. तिसऱ्या वळशाला फाटकातून बाहेर पडल्या त्या सरळ समुद्राच्या बांधाच्या दिशेने सुटल्या, आणि मला मागून पायडल मारत “आई, उजवीकडून! उजवीकडून!” असं ओरडावं लागलं. बांधाच्या पायथ्याचा सायकलरस्ता इतका गुळगुळीत की चाकांचा आवाजही येत नाही. उतारावर मेंढ्या आणि त्यांची कोकरं. वारा मागून. पंजाबी ड्रेस, पायात बूट, वर माझं जाकीट, अशा थाटात सासूबाई पुढे आणि मी मागे. त्या काहीतरी ओरडत होत्या. जवळ गेल्यावर कळलं, ओरडत नव्हत्या, हसत होत्या.

परतताना तोच वारा समोरून आला. तेव्हा मात्र अर्धा रस्ता सायकली हातात धरून चालत आलो, बेकरीतून घेतलेला सायकरब्रोट खात. फ्रीसलंडचा हा पाव जरूर खा: मऊ, दालचिनीचा, आत साखरेचे खडे. आईंच्या मते त्याला तूप लावायला हवं. माझंही तेच मत आहे.

गॅरेजला पोचलो तर पाटे आलेले होते. जुने बाहेर जमिनीवर पडले होते, सपाट, थकलेले. नवे जागेवर चढलेले, छान बाकदार. शूर्डने मला खाली बोलावून एकेक गोष्ट दाखवली. गाडी मागून उंच झाली म्हणून मागच्या ब्रेकला वजनाप्रमाणे जोर देणारी दांडी नव्याने लावावी लागते. पुढच्या दिव्यांचा रोख तपासावा लागतो. थोडं अंतर चालल्यावर यू-बोल्ट परत आवळून घ्यावे लागतात. गाडी रिकामी असतानाही पिशव्यांत थोडी हवा ठेवावीच लागते, नाहीतर रबर चिमटतं.

“आणि एक,” त्याने बोट वर केलं. “पाटे दणकट झाले म्हणून तुला जास्त वजन न्यायची परवानगी मिळाली असं नाही. गाडीच्या कागदांवर लिहिलंय तेवढंच. ते बदलत नाही.”

या लेखातून काही न्यायचं असेल तर हे एवढं वाक्य न्या.

आउक्येंची शेवटची भाजणी

संध्याकाळी आउक्येंच्या दारात गाडी लावली. बुटक्या, पांढरे केस बारीक कापलेले, एप्रनवर मातीचे डाग. दार उघडल्या उघडल्या त्यांचा चेहरा गोरामोरा झाला.

“मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय,” त्या म्हणाल्या. “मी भट्टी लावली.”

“कधी?”

“काल. शेवटची एकदा. मला वाटलं तोवर थंड होईल.”

कार्यशाळेत गेलो. भट्टीवरचा आकडा अजून तीनशे अंशांच्या वर होता. कुंभारकाम करणाऱ्याला यात समजावण्यासारखं काही नसतं. तापलेली भट्टी उघडली तर भांडी तडकतात, आणि तापलेली भट्टी हलवणं तर विसराच. उद्या दुपारपर्यंत थांबणं भाग होतं. मी आईंना सांगितलं. त्या आउक्येंकडे बघून मान डोलवत म्हणाल्या, “मीसुद्धा निवृत्तीच्या दिवशी एक नकाशा अर्धा ठेवला होता. दुसऱ्या दिवशी जाऊन पूर्ण केला.” मी भाषांतर केलं. आउक्येंनी आईंचा हात हातात घेतला आणि आम्हाला वरच्या खोलीत राहायला लावलं.

रात्रीचा स्वयंपाक आईंनी केला. आउक्येंच्या ओट्यावर पिठलं आणि आमच्या दशम्या. एकीला मराठी आणि मोडकं इंग्रजी, दुसरीला फ्रीसलंडची फ्रिजियन भाषा, डच आणि थोडं इंग्रजी, तरी त्यांचं कुठे अडलं नाही. ‘आउक्ये’चं ‘आऊ’ झालं. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे आऊ म्हणजे आई. “मग दोन आया आणि एक मुलगी,” त्या म्हणाल्या आणि पिठलं परत वाढून घेतलं.

शनिवार: चढवणं, मोजणं, उतरवणं

शनिवारी दुपारी भट्टीचं दार उघडलं. आतून ऊब आली. फळ्यांवर निळ्या झिलईचे कप रांगेने उभे होते, गल्लीतल्या प्रत्येक घरासाठी एक. आउक्ये ल्यूवार्डनला लेकीजवळच्या फ्लॅटमध्ये जाणार होत्या, म्हणून शेजाऱ्यांना ही निरोपाची भेट. आम्ही तिघी एकेक कप बाहेर काढत होतो. शेवटचा निघेना. झिलई ओघळून तो फळीला चिकटला होता. आउक्येंनी तो उलटसुलट बघायचा प्रयत्न केला आणि मोठ्याने हसल्या. “माझाच! हा मी माझ्यासाठी केला होता!” हसता हसता त्यांनी डोळे पुसले. आईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

शेजारचा शेतकरी फोर्कलिफ्ट घेऊन आला. शूर्डही आला, सुट्टीचा दिवस असूनही, खिशात हवेचा दाब मोजायचं यंत्र घेऊन. “माझं काम कसं बसतंय बघायचंय,” म्हणाला. भट्टी उचलली गेली तेव्हा आउक्ये म्हणाल्या, “एक मिनिट.” पुढे होऊन त्यांनी तिच्या पत्र्यावर तळहात टेकला. शेतकऱ्याने इंजिन बंद केलं. मग त्या बाजूला झाल्या आणि आई मराठीतच म्हणाल्या, “सुखरूप नेऊ आम्ही.” त्याचं भाषांतर मला करावं लागलं नाही.

भट्टी केबिनला लागून, धुऱ्याच्या थोडी पुढेच बसवली. जड वस्तू अगदी मागे ठेवली तर गाडीचं तोंड वर उठतं. फोर्कलिफ्टचे दात हळूहळू खाली आले, वजन गाडीवर उतरलं, आणि आम्ही पाचही जण मागच्या चाकाकडे बघत होतो. पाटे दबले. चार बोटं खाली आले. आणि थांबले. दात बाहेर सरकले, तरी गाडी तिथेच, सपाट, ताठ. मी टाळ्या वाजवल्या हे मला त्या ऐकू आल्यावरच कळलं. शूर्डने दोन्ही पिशव्यांत थोडी हवा भरली, चार पावलं मागे जाऊन एक डोळा मिटून बघितलं, आणि आईंना अंगठा दाखवला.

इथे माझी हाव आडवी आली. आउक्ये म्हणाल्या, या फळ्या न्या, या झिलईच्या बादल्या न्या, ही माती उरली आहे, हिचं मी काय करू? मी नाही म्हटलं नाही. गोण्या चढत गेल्या. गाडी अजून सपाटच होती! शूर्ड हाताची घडी घालून बघत होता. शेवटी म्हणाला, “वजनकाट्यावरून जा.”

गावाबाहेर शेतकऱ्यांच्या सोसायटीचा काटा आहे, शनिवारीही चालू असतो. शूर्ड मागून त्याच्या गाडीने आला. गाडी काट्यावर घेतली, आत आकडा उमटला, आणि कागदांवरच्या आकड्याहून तो सव्वाशे किलोने जास्त निघाला.

“पण गाडी तर मस्त उभी आहे,” मी म्हणाले.

“गाडी उभी राहील,” शूर्ड म्हणाला. “ब्रेक, टायर आणि विमा यांनीही उभं राहायला हवं.”

आईंना मी सांगितलं की माणसांचं वजनही यात धरतात. त्यांनी क्षणभर विचार केला. “मग मलाच उतरव. मी आऊकडे राहते. माती ने.” शूर्डला भाषांतर करून सांगितलं तर तो काट्याच्या खांबाला धरून हसत राहिला.

शेवटी उतरली ती मातीच. सहा गोण्या शूर्डच्या गाडीत गेल्या, त्याच्या बहिणीच्या शाळेतल्या मुलांसाठी. परत काटा केला, आकडा खाली आला. मग मी निश्चिंतपणे पट्टे आवळले.

घरी येताना

परतीला पूर्वेचा रस्ता धरला: लेमर, एमेलोर्ड, आणि मग थेट ए-सिक्स हायवेने आल्मेरे. दोन तासांच्या आतला रस्ता. मी उजवी लेन सोडली नाही. गावातला पहिला गतिरोधक आला तेव्हा श्वास रोखला. गाडी वर गेली, खाली आली, एकदाच, मऊ. मागून काही वाजलं नाही. लेमरजवळ थांबून पट्टे आणि पाटे दोन्ही तपासले. हायवेवर एक भलामोठा ट्रक शेजारून गेला. पूर्वी अशा वेळी माझी गाडी शेपूट हलवायची. या वेळी हलली नाही. समोरून येणाऱ्या कोणीही दिवे दाखवले नाहीत. आई केव्हाच नकाशा मांडीवर ठेवून झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं. एखाद्या माणसाची गाढ झोप ही तुमच्या गाडी चालवण्याला मिळालेली शाबासकी असते, असं मला त्या संध्याकाळी वाटलं.

कार्यशाळेशी हेमंत आणि आमचे दोन मित्र पॅलेट-ट्रॉली घेऊन उभे होते. भट्टी उतरली, जागेवर बसली. आतली एकही वीट सुटली नव्हती. इलेक्ट्रिशियनने पुढच्या आठवड्यात थ्री-फेजची जोडणी केली आणि पहिल्या भाजणीत माझे दोन वाडगे तडकले, बाकी सगळे घंटेसारखे वाजतात. आउक्येंना फोटो पाठवला. त्यांनी परत विचारलं, तडकलेले कोणत्या फळीवर होते? त्यांचं म्हणणं, खालच्या डाव्या कोपऱ्यात तापायची थोडी घाई होते, तिथे जाड बुडाचं काही ठेवू नकोस. खरंच तिथेच होते.

काय उरलं? भट्टी तर उरलीच. शूर्डचं खांबाला धरून हसणं उरलं. बांधाखालून वाऱ्याबरोबर सुटलेल्या सासूबाई उरल्या. आणि एक साधी गोष्ट: इतकी वर्षं या देशात मी जड काही आलं की कोणाला तरी फोन लावत होते. आता लावणार नाही असं नाही, पण आधी स्वतः खाली वाकून पाटे बघेन.

भट्टी आणली त्यानंतरच्या सोमवारी सकाळी हेमंतला स्टेशनवर सोडायला मी पिकअपच काढली. ज्यांना हा बदल करायचाय त्यांना त्याचा तोटाही सांगायला हवा: ओझ्यासाठी दणकट केलेली गाडी रिकामी असताना उड्या मारते. पहिल्याच गतिरोधकावर हेमंतची कॉफी शर्टावर सांडली. दुसऱ्यावर लॅपटॉपची बॅग मांडीवरून खाली गेली. त्याने दोन्ही हातांनी वरची दांडी धरली.

“अगं, ही गाडी आता ओझ्याशिवाय धड चालतच नाही!”

“हो ना,” मी म्हणाले. “म्हणून तुला सोडून मी तशीच माती आणायला चाललेय.”